पाळणाघराची आगाऊ फी परत कशी मागायची?



तालुक्याच्या गावी, एमआयडीसीत, दवाखान्यात, दुकानात कामाला जाणाऱ्या आपल्या सदस्या आता बऱ्याच आहेत. घरी लेकराकडे बघायला कुणी नसेल तर त्याला पाळणाघरात ठेवावं लागतं. तिथे तीन-सहा महिन्यांची फी एकदम मागतात. तेवढी रक्कम हातात नसते, म्हणून गटातून अंतर्गत कर्ज घेतलं जातं. मग कधी काम सुटतं, कधी बाळ आजारी पडतं, कधी पाळणाघरच बंद होतं. बाळ घरी येतं, पैसे तिकडेच राहतात आणि गटाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

"गेले ते पैसे" म्हणून गप्प बसायचं नाही आणि दारात जाऊन भांडायचंही नाही. न वापरलेल्या महिन्यांचा हिशोब करायचा आणि पैसे लेखी मागायचे. हे कसं करायचं, ते या वेळच्या पाठात पाहू.

१. बाळ का काढलं, हे आधी ठरवा

किती पैसे मागता येतील, ते कारणावर ठरतं.

अ) आपल्या अडचणीमुळे काढलं. काम सुटलं, गाव बदललं, सासूबाई आता घरी सांभाळतात. पाळणाघराची यात चूक नाही. म्हणून सूचनेचा काळ (बहुतेक ठिकाणी एक महिना) वजा करून उरलेले पैसे मागायचे.

आ) पाळणाघर बंद झालं, लांब हललं किंवा वेळ बदलली. कबूल केलेली सेवाच मिळत नाही. इथे सूचनेचे पैसे कापू द्यायचे नाहीत. उरलेली सगळी फी मागायची.

इ) सांगितलं तशी काळजी घेतली नाही. सांभाळायला मावशीच नाही, दार उघडं, लेकरं दिवसभर ओल्या कपड्यांत. इथेही उरलेली सगळी फी मागायची. काय दिसलं आणि कोणत्या तारखेला दिसलं, ते वहीत लिहून ठेवा, फोटो काढा. बाळाला मारहाण किंवा इजा झाली असेल तर फीचा विषय मागे ठेवा. आधी दवाखाना, मग १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा ११२ वर पोलीस.

२. हिशोब मांडा

समजा, एका ताईने १ जूनला सहा महिन्यांची फी भरली. दर महिना २,५०० रुपये, म्हणजे १५,००० रुपये. शिवाय अनामत २,००० आणि प्रवेश फी ५००. एकूण १७,५०० रुपये. काम सुटलं म्हणून तिने ३१ जुलैला लेखी कळवलं आणि १ ऑगस्टपासून बाळ बंद केलं. पावतीवर एक महिन्याच्या सूचनेचा नियम छापलेला आहे.

वापरलेले दोन महिने : ५,००० रुपये
सूचनेचा एक महिना : २,५०० रुपये
उरलेले तीन महिने : ७,५०० रुपये
अनामत : २,००० रुपये
मागायची रक्कम : ९,५०० रुपये

प्रवेश फी सहसा परत मिळत नाही, म्हणून ती धरली नाही. अनामत मात्र आपलीच ठेव असते. काही मोडतोड किंवा बाकी नसेल तर ती अडवायला कारण नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गटाचा व्याजदर महिना २ टक्के असेल तर १७,५०० रुपयांच्या कर्जावर पहिल्याच महिन्याला ३५० रुपये व्याज होतं. जितका उशीर करू, तितकं आपल्याच खिशातून जातं. म्हणून बाळ बंद केल्याच्या आठवड्यातच पत्र द्यायचं.

३. पत्र द्या, पोच घ्या

तोंडी मागितलं तर "बघू", "पुढच्या महिन्यात या" असं होतं. पत्र असं लिहा :

> प्रति, संचालिका, ……… पाळणाघर
> दिनांक : ………
> विषय : न वापरलेली फी व अनामत परत मिळणेबाबत
>
> महोदया,
> माझे मूल (नाव) दि. ……… पासून आपल्याकडे होते. मी दि. ……… रोजी ……… रुपये भरले आहेत. (पावती क्र. ………) ……… या कारणामुळे दि. ……… पासून मूल येणार नाही. वापरलेले महिने व सूचनेचा महिना वजा करून ……… रुपये आणि अनामत ……… रुपये, असे एकूण ……… रुपये मला १५ दिवसांत द्यावेत. हिशोब सोबत जोडला आहे.
> (सही, नाव, फोन)

कारण आ किंवा इ असेल तर "सूचनेचा महिना वजा करून" हे शब्द गाळा.

पत्राच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर "मिळाले" असं लिहून तारीख आणि सही घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. पैसे भरल्याची पावती नसेल तर फोनपे किंवा गुगल पेची नोंद आणि बँकेचं पासबुक चालतं. रोख दिले असतील तर "फी मिळाली" असा एखादा व्हॉट्सॲप निरोप शोधा.

सोबत गटातली एकच ताई न्या. दहाजणी गेलो की समोरची बाई घाबरते किंवा चिडते आणि बोलणं तिथेच थांबतं. पाळणाघर चालवणारीही बहुतेक वेळा आपल्यासारखीच बाई असते. तिला जागेचं भाडं आणि मावशीचा पगार द्यायचा असतो. ती दोन हप्त्यांत देते म्हणाली तर मान्य करा, पण तारखा लिहून घ्या.

४. "पावतीवर लिहिलंय, फी परत मिळणार नाही"

हे वाक्य वाचून परत फिरू नका. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. सेवेत कमतरता असेल आणि बिलावर दिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार दिला, तर तो अनुचित व्यापारी व्यवहार ठरतो. पैसे घेऊन बिल किंवा पावती न देणं हेसुद्धा त्यातच येतं. वरच्या आ आणि इ कारणांना याचा उपयोग होतो.

दुसरी, भारतीय करार कायदा, १८७२. आपण करार मध्येच सोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, मनाला येईल तेवढी नाही. म्हणून अ कारण असेल तर शांतपणे एक प्रश्न विचारा : "माझ्या बाळाच्या जागी दुसरं बाळ घेतलं का?" घेतलं असेल तर त्यांचं नुकसान थोडंच झालं. या प्रश्नावर बरेच व्यवहार मिटू शकतात.

५. तरीही दिले नाहीत तर

• १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून समोरच्याशी संपर्क करतात. हे न्यायालय नाही, सक्ती करू शकत नाही, पण फोन फुकट आहे.

• तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. उत्पन्न कितीही असो, महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते. हा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. दावा दाखल होण्याआधीच विषय लोकअदालतीत ठेवा, असा अर्ज करता येतो. तिथे तडजोड झाली की तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकं वजन असतं. माहितीसाठी फोन १५१००.

• जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

एक फरक ध्यानात घ्या. पाळणाघर म्हणजे पैसे घेऊन मूल सांभाळण्याची सेवा. शाळेला जोडलेली नर्सरी किंवा केजी असेल तर ती "शिक्षणसंस्था" आहे असं म्हणून ग्राहक आयोगात हरकत घेतली जाऊ शकते, कारण शिक्षण ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही असे निकाल आहेत. अशा वेळी आधी शाळेच्या व्यवस्थापनाला पत्र आणि मग लोकअदालत, हा रस्ता सोपा.

६. पुढच्या वेळी भरण्याआधी

फी महिन्याची महिन्याला भरू द्या, असं आधी विचारा. सहा महिन्यांची सूट २००-३०० रुपयांची असेल आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत असेल, तर ती सूट व्याजातच जाते. पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या : फी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, अनामत किती, सूचना किती दिवसांची, मध्येच सोडलं तर परत किती.

आपल्यापैकी ज्या ताया स्वतः पाळणाघर चालवतात त्यांनीही हेच चार नियम पावतीवर छापावेत. नियम आधीच स्पष्ट असले की वाद कमी होतात आणि आया विश्वासाने लेकरं ठेवतात.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात फीसाठी कर्ज घेतलेल्या किती सदस्या आहेत? त्यांच्याकडे पावत्या आहेत का?
२. एका ताईने पाच महिन्यांचे १०,००० रुपये भरले. दीड महिन्यात पाळणाघर बंद झालं. ती किती मागेल? (उत्तर : साडेतीन महिन्यांचे ७,००० रुपये. सूचनेचं काही कापायचं नाही.)
३. वरचं पत्र प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्या. जिला लिहिता येत नाही तिला शेजारच्या ताईने लिहून द्यावं, सही मात्र तिचीच असावी.

कुणाचे पैसे अडकले असतील तर पावती घेऊन पुढच्या मासिक बैठकीला या. हिशोब आपण सगळ्याजणी मिळून मांडू आणि पत्र त्याच दिवशी तयार करू.

— तुमची क्षेत्र समन्वयक