विंचूदंश : वेदनेपेक्षा लक्षणे ओळखा

कोकणातील जांभ्या दगडाच्या पट्ट्यात आणि राज्याच्या इतर अनेक खडकाळ भागांत विंचूदंश ही ग्रामीण जीवनातील नेहमीची घटना आहे. पेंढ्याची उडवी मोडताना, सरपण काढताना, गोवऱ्या उचलताना, अंधारात अनवाणी अंगणात जाताना विंचू डंख मारतो. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा ओसरल्यावर असे प्रसंग विशेष घडतात. बहुतेक दंश काही तासांच्या वेदनेनंतर आपोआप बरे होतात. त्यामुळे विंचवाच्या दंशाने माणूस दगावतो, ही गोष्ट पुष्कळांना खरीच वाटत नाही. प्रत्यक्षात लाल विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत अधिक असतो. मात्र वेळीच लक्षणे ओळखली आणि योग्य उपचार मिळाले, तर हा मृत्यू टाळता येतो.

दोन प्रकारचे विंचू

आपल्याकडे सामान्यतः दोन प्रकारचे विंचू दिसतात. एक काळा, आकाराने मोठा व जाड चिमट्यांचा. यालाच अनेक ठिकाणी इंगळी म्हणतात. त्याचे रूप भयंकर असले तरी विष तुलनेने सौम्य असते. दुसरा लाल किंवा तांबूस-तपकिरी, आकाराने लहान. त्याचे पुढचे चिमटे बारीक असतात. दिसण्यात किरकोळ असलेला हाच विंचू अधिक विषारी होय. तथापि अंधारात विंचू दिसतोच असे नाही. म्हणून विंचू शोधण्यात वेळ न दवडता रुग्णाकडे लक्ष देणे हेच श्रेयस्कर.

विष शरीरात काय करते?

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना अतिशय उत्तेजित करते. त्यामुळे ॲड्रिनॅलिन व तत्सम द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर मिसळतात. आरंभी उलट्या होतात, घामाच्या धारा लागतात, तोंडाला लाळ सुटते. पुढे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हातपाय गार पडतात. आकुंचित वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदयावर ताण पडतो व विषाच्या परिणामाने ते दुबळे होते. अखेर फुप्फुसांत पाणी साचते. रुग्णाला धाप लागते, खोकला येतो आणि तोंडातून फेस, कधी गुलाबी फेसही येतो. ही अवस्था अत्यंत धोक्याची असते.

वेदना उतरली म्हणजे विष उतरले असे नव्हे

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दंशाच्या जागी असह्य कळा येत असून अन्य कोणतेही लक्षण नसेल, तर तो दंश बहुधा सौम्य असतो. उलट ज्यांच्या शरीरात विष भिनले आहे, अशा अनेक रुग्णांना दंशाच्या जागी वेदना अगदी कमी असतात. रुग्ण शांत पडून आहे, ओरडत नाही, म्हणून घरचे लोक निश्चिंत होतात. त्याच वेळी त्याचे कपडे घामाने भिजलेले असतात आणि हातपाय बर्फासारखे गार असतात.

विंचू ‘उतरवण्या’वरील श्रद्धेचे मूळही येथेच सापडते. सौम्य दंशाची वेदना काही तासांत आपोआप शमते आणि त्याचे श्रेय मंत्राला मिळते. गंभीर दंशात वेदना मुळातच कमी असल्याने मंत्र लागू पडला असे वाटते आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

म्हणून दंशानंतर पुढील लक्षणे पाहावीत : वारंवार उलट्या, सर्वांगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ गळणे, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, धाप व खोकला. मुलगे व पुरुष यांच्यात शिश्नाला नकळत ताठरता येते. संकोचामुळे हे लक्षण लपविले जाते, परंतु विष भिनल्याची ती महत्त्वाची खूण असल्याने डॉक्टरांना न लाजता सांगावे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. लहान मुलाला दंश झाल्यास लक्षणांची वाटच पाहू नये.

महाडचे संशोधन

या दंशावरील उपचाराचा इतिहास महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण फुप्फुसांत पाणी साचून दगावतात, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या निरीक्षणातून नोंदविले. या दंशाच्या पूर्वलक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारे ‘प्राझोसिन’ हे औषध त्यांनी या रुग्णांसाठी वापरले. पूर्वी गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. या औषधामुळे ते १ टक्क्याच्या घरात आले.

डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांना बरे होण्यास सरासरी सुमारे १८ तास लागले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिलेले रुग्ण सरासरी ८ तासांत बरे झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ साली ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

प्राझोसिन तोंडाने द्यावयाची साधी गोळी आहे. परंतु तिची मात्रा वजनाप्रमाणे ठरते आणि ती घेतल्यावर रुग्ण एकाएकी उठून बसल्यास रक्तदाब घसरून भोवळ येते. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला आडवे ठेवूनच दिली जाते. हातपाय पुन्हा उबदार होणे ही सुधारणेची खूण होय. गंमत अशी की, रुग्ण सावरू लागला की दंशाच्या जागी वेदना पुन्हा जाणवू लागते. नातेवाइकांनी त्यामुळे घाबरून जाऊ नये.

प्रथमोपचार

रुग्णाला धीर द्यावा व निजवून ठेवावे. दंशाची जागा साबण व पाण्याने धुवावी. वेदनेसाठी फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची पट्टी ठेवावी. जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. पाला-मुळी चोळण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती पोहोचण्यास विलंब होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दंशाची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.

गावाची जबाबदारी

विंचूदंशाचा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. रुग्ण आरोग्य केंद्रात किती लवकर पोहोचतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते आणि तो काळ गावाच्या हाती असतो. ग्रामपंचायतीने रात्री-अपरात्री उपलब्ध होणाऱ्या वाहनांच्या मालकांची नावे व दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या फलकावर लावावेत. शाळा व अंगणवाडीच्या आवारातील दगडविटांचे ढीग हलवावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष लस शिल्लक आहे की नाही, याची विचारणा सदस्यांनी उन्हाळ्यापूर्वीच करावी व संबंधित अधिकाऱ्यांनी साठ्याची खातरजमा करावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना साध्या सवयी लावाव्यात : चपला-बूट झटकून घालणे, अंथरूण झाडून घेणे, रात्री दिवा घेऊन बाहेर पडणे, दगड किंवा लाकूड उचलताना खाली हात न घालणे. घाम, उलट्या आणि गार हातपाय ही तीन लक्षणे प्रत्येक मुलाला तोंडपाठ असावीत. गावातील मांत्रिकाशी वाद घालण्याने काही साधत नाही. परंतु ही लक्षणे दिसताच रुग्णाला आधी दवाखान्यात पाठवावे, एवढे त्याच्याही गळी उतरविता आले, तर तोही या कामात सहायक ठरेल.

औषध राज्यात सिद्ध झाले आहे, ते स्वस्त आहे. ते रुग्णापर्यंत वेळेत पोहोचावे, यासाठी जाणत्या माणसांनी गावोगावी जागरूक राहण्याची तेवढी आवश्यकता आहे.