धुऱ्यापलीकडेही चिठ्ठ्या लावा

अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकी आणि कृषी महाविद्यालयांतली मुलं आता स्वतः ड्रोन जोडतात, उडवतात, फवारणीच्या चाचण्या घेतात. अशा चाचण्यांत मी काही हंगाम काढले आहेत. नव्यानं या कामात येणाऱ्यांना सगळ्यात आधी एकच सांगणं आहे : चाचणी आणि प्रात्यक्षिक एकाच दिवशी ठेवू नका.

अकोला जिल्ह्यातल्या एका गावात कपाशीवर आमची चाचणी होती. वारा पडलेला असतो म्हणून वेळ सकाळी सातची ठरली होती. आयोजक संस्थेनं ऐनवेळी त्याच दिवसाला शेतकरी मेळावा जोडला. पाहुणे पोचेपर्यंत बारा वाजले. ऑगस्टमधली उघडीप, ऊन तापलेलं, वारा सुटलेला. टाकीत नुसतं पाणी होतं, एवढंच बरं. ड्रोन उडाला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

पऱ्हाटीच्या शेंड्याला, मधल्या पानांना आणि खालच्या पानांच्या मागच्या अंगाला आम्ही पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या टाचल्या होत्या. या कागदावर पाण्याचा थेंब पडला की तिथं निळा ठिपका उमटतो. थोड्या चिठ्ठ्या धुऱ्यापलीकडे, शेजाऱ्याच्या तुरीत काड्यांना लावल्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्या गोळा केल्या. शेंड्यावरच्या निळ्याशार. खालच्या पानांमागच्या जवळजवळ कोऱ्या, आणि पांढरी माशी तर तिथंच बसते. तुरीतल्या चिठ्ठ्यांवर मात्र बारीक निळे ठिपके दाट पडलेले. तुरीचे मालक एक चिठ्ठी उन्हाकडे धरून म्हणाले, "पाणी होतं म्हून ठीक हाये भाऊ. औषध असतं त माह्या वावरात कोणाले पुसून आलं असतं?"

नंतर संस्थेच्या अहवालात आतल्या चिठ्ठ्यांचे फोटो आले, तुरीतल्यांचे आले नाहीत. माझ्या मते त्या दिवसाचं खरं संशोधन त्या गाळलेल्या चिठ्ठ्यांतच होतं. म्हणून सांगतो, वाऱ्याच्या दिशेनं धुऱ्यापलीकडे चिठ्ठ्या लावा, प्रत्येक उड्डाणाच्या वेळी वाऱ्याचा वेग लिहा, आणि शेजाऱ्याला आदल्या दिवशीच कळवा. त्याच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या किंवा रेशीम अळ्यांसाठी तुती असेल तर जागाच बदला.

हे काम महत्त्वाचं का, ते वऱ्हाडाला वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप उतरला आणि माणूस विषाच्या फवाऱ्यापासून दूर उभा राहिला, तर ती फार मोठी गोष्ट आहे. पण ड्रोनच्या टाकीत औषध कालवणारा माणूसच असतो. वाढलेल्या कपाशीला पाठीवरच्या पंपानं एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन तेच काम आठ-दहा लिटरांत करतो. एकराची मात्रा तेवढीच, म्हणजे टाकीतलं द्रावण पंधरा-वीस पट कडक. आपल्याकडे औषध "पंपाला इतकं" असं सांगायची रीत आहे, ड्रोनला ती लागू नाही. एकराचाच हिशेब करा, औषधाच्या लेबलवर ते पीक आहे का ते बघा, आणि कालवणाऱ्याच्या हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क असल्याशिवाय झाकण उघडू देऊ नका. भाड्यानं आणलेल्या ड्रोनच्या टाकीत आधी काय होतं ते विचारा. टू-फोर-डी तणनाशकाचा अंश उरला असेल तर कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात, आणि पूर्ण प्लॉटची आकडेवारी वाया जाते.

नियमांचंही तसंच. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना संशोधनाच्या उड्डाणांसाठी नोंदणी क्रमांक, पायलटचं प्रमाणपत्र अशा बाबतींत सूट आहे. पण ती ग्रीन झोनमध्ये, संस्थेच्या आवारात किंवा संस्थेच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. गावातल्या वावरात गेलात की सूट आहे असं गृहीत धरू नका. हवाई झोन दाखवणारा नकाशा दर वेळी नव्यानं उघडा. अकोल्यात कृषी विद्यापीठाची जमीन शिवणी विमानतळाला लागून आहे, आणि अमरावतीच्या बेलोऱ्यावरून एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. बडनेऱ्याकडे पूर्वी जिथं उडवलं, तिथं आज चालेलच असं नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, बॅगेत किंवा गाडीत तर ठेवूच नका.

मार्गदर्शक प्राध्यापकांना एक विनंती. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द केलं, त्या दिवसाची नोंदही विद्यार्थ्याच्या कामात धरा, तिला गुण द्या. नाहीतर पुढच्या खेपेला तो वारा मोजणारच नाही.