जट वाढवायला निघालेल्या भाचीस

चि. मनू,


तुझा मेसेज नीट वाचला. उत्तर फोनवर देण्याजोगं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला ड्रेडलॉक्स करून घ्यायचे आहेत. घरात सांगितलंस तेव्हा आजी देवघरात जाऊन बसली ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही, आणि दादा 'आधी शिक्षण पुरं कर' एवढंच म्हणाला. आता माझ्याकडे आली आहेस. 'आत्या, तू तर आयुष्यभर बायकांच्या जटा कापत आलीस. तूही नाहीच म्हणणार ना?'

मी नाही म्हणणार नाही. डोकं तुझं आहे. पण आपल्या मुलखात बाईच्या डोक्यावरची जट ही केसांची साधी ठेवण कधीच नव्हती. ती तू हौसेनं डोक्यावर घेणार असशील तर तिच्यामागे काय काय आहे ते आधी माहीत करून घे.

मी दवाखान्यात नर्स होते तेव्हा आमच्या गडहिंग्लज भागात जट आलेल्या बाया नेहमी यायच्या. जटेसाठी कुणीच यायची नाही. मान दुखते, झोप लागत नाही, डोकं जड होतं, अशा तक्रारी घेऊन यायच्या. त्यातली एक मला आजही डोळ्यांपुढे दिसते. चाळिशीची असेल. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तो बाजूला करायला ती किती तरी वेळ तयार नव्हती. केला तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत सुंभासारखी कडक जट, तिच्यावर हळदीकुंकवाचे आणि तेलाचे थर, कानामागे कातडी ओली होऊन पाणी सुटलेलं. कित्येक वर्षं ती पाठीवर झोपली नव्हती, कुशीवरच झोपायची. 'कापू नका बाई, आईची आहे,' एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

ही जट आली कशी, तर तिसऱ्या बाळंतपणानंतर ताप भरला आणि बरेच दिवस डोक्याला फणी लागली नाही. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. विंचरले तर फणीत येतात, नाही विंचरले तर शेजारच्या केसांत अडकून राहतात. त्यात घाम, तेल, धूळ मिसळली की गुंता आवळत जातो. एवढंच घडलं होतं. पण सासूनं तो गुंता पाहिला आणि यल्लम्मा घरात आली म्हणून हात जोडले. त्या दिवसापासून फणी बंद, मंगळवार-शुक्रवारी जटेची पूजा, पुनवेला सौंदत्तीची वारी. तिचं नशीब एवढंच की तिचं लग्न झालेलं होतं. लहान पोरीला जट आली की तिला देवीला सोडायचे, तिच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीची माळ, बांधायचे, आणि पुढचं तिचं आयुष्य कुणाच्या हाती जायचं ते तुला सांगायला नको. देवदासी सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला, पुढे आपल्याकडेही झाला. जटेची भीती मात्र कायद्यानं जात नाही.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, म्हणजे अंनिसचे, कार्यकर्ते आणि मी तिच्या घरी जात राहिलो. देवी नसते, असं आमच्यातलं कुणी तिला म्हणालं नाही. नेमकं काय होईल असं तिला वाटतं, ते विचारत गेलो. स्वतःच्या मरणाला ती भीत नव्हती. जटेला कात्री लावली तर मुलगा जाईल, हे तिच्या मनात कुणीतरी पक्कं बसवलं होतं. शेवटी तो मुलगाच, नववीतला, तिच्या शेजारी येऊन बसला. तिचा हात हातात घेऊन म्हणाला, 'मला काय होत नाही, काप.' मग कापली. त्यानंतरही कित्येक दिवस ती मान एका बाजूला कलती धरूनच चालायची. ओझं गेलं तरी मानेला ते कळलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच, असं समजू नकोस. पोलंडमध्ये शेकडो वर्षं अशा जटांना लोक हात लावायला घाबरत. आतला रोग जटेतून बाहेर पडतो, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल, अशी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या युझेफ डीटल नावाच्या डॉक्टरनं त्याविरुद्ध मोहीमच उघडली. पुढे तो त्या शहराचा महापौर झाला. आपल्याकडे अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, तरी हे काम थांबलं नाही. तू राहतेस त्याच पुण्यात नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांना जटेतून मोकळं केलं आहे. जमलं तर एकदा त्यांच्याबरोबर एखाद्या बाईच्या घरी जाऊन ये. पार्लरची वेळ घेण्याआधी जा.

त्या दवाखान्यातल्या बाईची जट आणि तुझी जट यांत फरक कुठे, तर तिला कुणी विचारलं नव्हतं. तू विचार करून, पैसे मोजून, स्वतःच्या पायानं जाऊन करून घेणार, आणि नको झाली की कापून टाकणार. ही कापायची मोकळीक तुझ्या हातात आहे तोवर माझी काही हरकत नाही. आता इतके दिवस सांभाळली, लोक मला यावरूनच ओळखतात, कापली तर काय म्हणतील, असं वाटायला लागलं की समज, तुझ्याही जटेत कुणीतरी येऊन बसलं.

आता तुझी कारणं. बॉब मार्ली आवडतो, मुलीनं कसं दिसावं हे इतरांनी ठरवू नये, आणि तुझ्या कुरळ्या केसांना कंगव्यानं पिंजणं तुला सोसत नाही, अशी तीन तू लिहिलीस. तिसरं अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. मला तेच सगळ्यात खरं वाटतं. शाळेत असताना तुझे केस तेल चोपडून, ओढून, दोन वेण्यांत आवळून रिबिनी बांधायचे, आणि वर 'झिपरी' म्हणायचे, ते मी पाहिलं आहे. रविवारी नहाण्यानंतर तू रडायचीस. आपले केस जसे आहेत तसे असू द्यावेत, त्यांच्याशी रोजची मारामारी नको, हे कारण भक्कम आहे. ते मनाशी धर.

बंडाचं कारण मात्र पुन्हा तपास. मुलीनं कसं दिसावं हे तिनंच ठरवावं, हे मलाही मान्य आहे. पण बंडाला बघणारे लागतात. सहा महिन्यांनी सगळ्यांच्या नजरेला सवय होईल, कुणी वळून पाहणार नाही, आणि मग तुझ्या वाट्याला उरेल ते धुणं आणि वाळवणं. तेव्हाही हे केस तुला आवडणार असतील तर खुशाल कर.

आणि मार्लीचं म्हणशील तर त्याची गाणी जिथून आली तो इतिहासही ऐक. हैले सेलासी १९३० साली इथिओपियाचा सम्राट झाला, आणि त्याच्यात देव पाहणारा रास्ताफारी पंथ त्या दशकात जमैकात उभा राहिला. डोक्याला वस्तरा लावायचा नाही, हे व्रत त्यांनी बायबलातून घेतलं. ते गुलामांचे वंशज होते. ज्यांच्या केसांना पिढ्यान्‌पिढ्या घाणेरडे म्हटलं गेलं, त्यांनीच ते केस मानानं वाढवले. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स इथल्या दंगलीनंतर पोलिसांनी रास्तांना धरून धरून मारलं, तुरुंगात टाकलं, त्यांच्या जटा जबरदस्तीनं कापल्या. जमैकाच्या सरकारनं त्याची माफी मागितली ती २०१७ साली. अमेरिकेत केसांच्या ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करू नये, असा राज्यस्तरावरचा पहिला कायदा कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झाला, म्हणजे परवा परवा. तुला पार्लरमध्ये एका दुपारी जे मिळेल त्यासाठी कुणीतरी मार खाल्लेला आहे. म्हणून तू ते करू नये असं मी म्हणत नाही. पण कुणी विचारलं तर 'फॅशन आहे' म्हणून मोकळी होऊ नकोस.

आता लोकांचं. ज्याचं त्याचं वेगळं असतं, सगळ्यांना एकच उत्तर पुरत नाही.

आजीपासून सुरू कर. ती रागावलेली नाही, घाबरली आहे. तिच्या माहेरच्या गल्लीत एका मुलीला जट आली आणि ती मुलगी जोगतीण झाली, हे आजीनं डोळ्यांनी पाहिलंय. तिच्यासमोर 'अंधश्रद्धा' हा शब्द काढू नकोस. तिच्या शेजारी बस, केस कसे वेगळे घेतात, कसे गुंफतात ते फोनवर दाखव, आणि करून आलीस की तिला हात लावून बघू दे. हवं तेव्हा कापता येतात, हे तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. दादाचं दुखणं वेगळं आहे. त्याला तुझ्या स्थळांची काळजी आहे, पण ती तो बोलून दाखवणार नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याच्याशी मी बोलेन.

हॉस्टेलवर, भाड्याच्या खोलीसाठी, कधी नाक्यावर पोलिसाकडून, गांजाचा प्रश्न येणारच. चिडलीस तर संशय वाढतो. 'नाही, मी काही घेत नाही,' एवढं सरळ सांगायचं आणि पुढच्या कामाचं बोलायचं. तुला न विचारता कुणी केसांना हात लावला, मग ती मैत्रीण असो की लांबची काकू, तर हसून का होईना पण हात बाजूला कर. तिथे भिडेखातर गप्प राहायचं कारण नाही.

नोकरीचा विचार मात्र आत्ताच करून ठेव. तुझ्या डिझाइनच्या क्षेत्रात बरंच खपतं, पण सगळीकडे नाही. एखाद्या ठिकाणी 'हे केस चालणार नाहीत' म्हणाले तर काय करायचं, ते आज शांतपणे ठरव. नोकरी सोडलीस तरी मी तुझ्या बाजूनं, केस कापलेस तरी तुझ्या बाजूनं. ऐन वेळी, अपमान झाल्यासारखं वाटत असताना ठरवू नकोस.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कधीतरी एसटीत, जत्रेत, भाजीच्या गाड्यापाशी कुणी बाई तुझ्या डोक्याकडे बघून हात जोडेल. पायाला हात लावेल. कपाळाला लावायला भंडारा मागेल, नाहीतर लेकराला तुझ्यापुढे धरून 'आशीर्वाद दे' म्हणेल. पुण्यातही होईल, गावाकडे तर नक्कीच. शहरातल्या मुलींना अशा वेळी हसू येतं, फोन काढून व्हिडिओ करावासा वाटतो. तू तसं करू नकोस, आणि तो नमस्कारही घेऊ नकोस. तिचे हात हातात घे आणि सांग, 'मावशी, ही देवीची नाही. मी पार्लरमध्ये करून घेतली आहे. मनात आलं तर उद्या कापेन, काही होत नाही.' हे स्पष्ट शब्दांत, तिला ऐकू जाईल असं म्हण. तिच्या घरात कदाचित एखाद्या सुनेच्या, लेकीच्या डोक्यात गुंता धरलेला असेल. शिकलेल्या पोरीच्या डोक्यावरसुद्धा आई येते, असं समजून ती घरी गेली तर त्या सुनेची फणी कायमची बंद होईल. आणि शिकलेली पोर स्वतःच कापेन म्हणते, हे ऐकून गेली तर आमच्यासारख्यांना वर्षभर जाऊन जे जमत नाही ते तू उभ्या उभ्या केलेलं असेल. तुझ्या जटेला माझा हो आहे तो यासाठीसुद्धा.

नाशिकच्या सिंहस्थातले साधू जटा राखतात, मग मी का नको, असं तू विचारलं आहेस. साधूनं घरदार सोडून स्वतः होऊन ती घेतलेली असते, आणि लोक त्याच्यापुढे वाकतात. आपल्या बायकांच्या माथी ती मारली गेली. तुझी तुलना त्यांच्याशी होईल, साधूंशी नाही, हे लक्षात असू दे.

केसांच्या निगेचं थोडं. मुळाशी फार आवळून घेऊ नकोस. कानशिलाचे केस सतत ओढले गेले की गळतात आणि काही वेळा पुन्हा येत नाहीत. मेण लावायला सांगतील, लावू नकोस, ते आतून निघत नाही. शिकेकाईची पूडही नको, आत अडकते. गाळून घेतलेलं रिठ्याचं पाणी चालेल. आठवड्यातून एकदा तरी धू, आणि धुतल्यावर आतपर्यंत वाळल्याशिवाय झोपू नकोस. पावसाळ्यात सकाळी लवकर धू, म्हणजे दिवसभरात सुकतील. ओलं राहिलं की आत बुरशी धरते आणि वास येतो. डोक्यात खाज, फोड, ओल असं काही दिसलं तर लाजू नकोस, त्वचेच्या डॉक्टरकडे जा. दुखणं झाकून ठेवलेल्या बाया मी फार पाहिल्या.

पार्लरमध्ये जाण्याआधी आजीला फोन कर, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. रिठे इकडे चांगले मिळतात, येत्या आठवड्यात कुणी पुण्याला येत असेल त्याच्याबरोबर किलोभर पाठवते. रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून फडक्यातून गाळायचे.

तुझी,
आत्या