फुली काढणारी कोळीण

पाऊस सरत आला की पनवेलकडे घरामागच्या परसात, अळवाशेजारी नाहीतर लिंबाच्या फांद्यांत, एक गोल जाळे दिसते. मधोमध कोळी बसलेला असतो. होडीवाला नव्हे, आठ पायांचा! पोरे घाबरतात, मग घरातले कोणीतरी झाडू उचलते. जरा थांबा. आधी तो कोण ते ओळखू या.

पाय मोजा. आहेत आठच, पण दोन-दोन जोडून ठेवल्यामुळे लांबून चार वाटतात. डोके खाली, पोट वर. पाठीवर पिवळे व तपकिरी आडवे पट्टे, डोक्याकडचा भाग रुपेरी. पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या धाग्याची जाड, नागमोडी वीण असते. अशा चार रेघांची फुली होते. कधी दोनच रेघा असतात. या वीणेमुळे इंग्रजीत त्याला सहीचा कोळी म्हणतात. शाळेत न जाता सही करणारा प्राणी! स्वीडनच्या थोरेल या शास्त्रज्ञाने १८८७ साली त्याचे वर्णन करून ‘आर्जिओपी अनसुजा’ असे नाव दिले. ऐकून आपल्याला अनसूयाच आठवते. आणि ते शोभतेही, कारण आपल्याला दिसते ती मादी. ती सुमारे एक सेंटीमीटर लांब असते. नर तिच्या निम्म्याहूनही लहान, तो सहसा नजरेतच भरत नाही.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने कर्नाळ्याच्या रानात गेलात तर याहून पुष्कळ मोठा, लांब काळ्या पायांचा कोळी भेटेल. तो निराळा. त्याचे जाळे उन्हात सोनेरी चमकते, पण त्यात फुली नसते.

‘अंगावर कोळी मुतला की फोड येतात’ असे आपण ऐकतो. ते खरे नाही. पावसाळ्यात दिव्याशी एक बारीक तांबडा-काळा किडा येतो. तो अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून त्याला फुंकर मारून उडवावे, आणि चिरडलाच तर ती जागा साबणाने धुवावी. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठले, ठणका लागला, तर ती नागीण असू शकते. तो विषाणूचा रोग आहे. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर चांगला गुण येतो. कोळ्याला दोष देत घरी बसले की तेच तीन दिवस वाया जातात.

आमची कोळीण माणसाच्या वाटेला जात नाही. माशी, नाकतोडा जाळ्यात अडकला की ती त्याला धाग्यांत गुंडाळून टाकते. गवताच्या काडीने जाळ्याला हलकेच शिवून बघा, ती सारे जाळे गदागदा हलवू लागेल.