कच्च्या टाक्याचे ॲप पक्के करताना

शिंपी कोट बेततो तेव्हा आधी कच्चा टाका घालतो, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहतो आणि मगच मशीनवर बसतो. आजकाल प्रोग्रॅमिंग न येणारा मुलगादेखील ॲपशीट किंवा बबल अशा साधनांवर चार रात्रींत दुकानाचे ॲप उभे करतो, तो असाच कच्चा टाका असतो. माझ्या पुतण्याने आमच्या दुकानाचे असे ॲप केले. थानांची नोंद, उधारी, बिल सर्व त्यात आले. पण लग्नसराईत दोन नोकर एकाच वेळी एकच थान कापू लागले, तशी शिल्लक चुकू लागली.

तेव्हा पक्के ॲप करून घेण्याचे ठरवले. माझी समजूत अशी की, ॲप तर तयारच आहे, थोडी डागडुजी बाकी आहे. ही समजूत चुकीची होती. बबलवर केलेल्या ॲपचा प्रोग्रॅम बाहेर काढून घेता येत नाही. आतली माहिती तेवढी नेता येते, बाकी सर्व नव्याने लिहावे लागते. आपल्याला काय हवे आहे हे नेमके कळले, एवढीच कच्च्या ॲपची कमाई. आणि ती लहान नव्हे.

हिशेब मांडून पाहू. समजा दोन माणसे तीन महिने कामाला लागली आणि दरमहा प्रत्येकी ६०,००० रुपये आकारले, तर ३,६०,००० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४,८००, म्हणजे एकूण ४,२४,८००. नियमित नोंदणी असलेल्याला या कराची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. वार्षिक देखभाल १५ टक्के धरली तर दरसाल ५४,००० वेगळे. देखभाल टाळता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील ५ टक्के कराची मर्यादा नगाला १,००० वरून २,५०० रुपये झाली आणि त्यावरील मालाला १२ ऐवजी १८ टक्के लागू झाले. दर प्रोग्रॅममध्येच कोरून ठेवले असतील, तर अशा प्रत्येक बदलाला कारागीर बोलवावा लागतो. दराचा तक्ता आपल्याला बदलता येईल असाच मागावा.

मागणी कशी लिहावी याचा नमुना आपल्या धंद्यातच आहे. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखे पाहिले म्हणजे मला १९२९ सालची गोष्ट आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी अशा की, आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांच्या आत असावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि झिजलेल्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. बक्षीस शेवटी कोणालाच मिळाले नाही. परंतु अटींची मांडणी पाहा! काम, किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती हे चारही आकड्यांत बांधलेले आहेत. आपण मात्र "चांगले ॲप करून द्या" म्हणतो आणि मग भांडत बसतो. किती माणसे एकदम वापरणार, इंटरनेट गेले तर बिल निघेल काय, जुनी उधारी कोण चढवणार, हे आधी लिहून काढावे.

आणखी एक बाब करारात हवीच. पैसे आपण दिले म्हणून प्रोग्रॅम आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कारागिराने लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो सहीनिशी लेखी लिहून घ्यावा लागतो. लेखात मुदत नमूद नसेल तर तो हक्क पाचच वर्षांचा समजला जातो.

आम्ही तूर्त शिल्लक आणि बिल एवढेच नव्याने लिहून घेत आहोत. उधारीची वही पुतण्याच्या कच्च्या ॲपवरच चालू आहे. ती एकटा तोच लिहितो, म्हणून तिथे घोळ होत नाही.