उकड्या तांदळाची पेज

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या किनाऱ्याच्या तालुक्यांत, सकाळची न्याहारी म्हटली की पेज आठवते. पहाटे शेतात किंवा होडीवर कामाला लागलेला माणूस नऊ-दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची गरम पेज घेतो. जोडीला भाजलेला सुका बांगडा, ओल्या खोबऱ्याची चटणी, खारातली मिरची किंवा कुळथाची पिठी असते. स्कॉटलंडच्या थंड प्रदेशात ओटच्या लापशीला जो मान आहे, तोच येथे पेजेला आहे. दोन्हींची कृती सारखीच : धान्य, भरपूर पाणी, चवीपुरते मीठ आणि मंद आच.

विद्यार्थी मित्रांनो, इतक्या साध्या पदार्थातही दोन चांगले प्रश्न दडलेले आहेत. पेजेला उकडाच तांदूळ का घेतात? आणि काही घरांत भात शिजल्यावर वरचे पाणी काढून टाकतात, तसे पेजेचे का टाकत नाहीत? उत्तरासाठी प्रथम तांदळाचा दाणा पाहू.

दाण्यात कोठे काय असते?

शेतातून आलेल्या, टरफलासकटच्या दाण्यालाही कोकणात भात म्हणतात. घोटाळा नको म्हणून येथे त्याला साळ म्हणू. साळीच्या बाहेरचे कडक आवरण म्हणजे तूस. ते खाण्याजोगे नसते. त्याच्या आत तपकिरी किंवा तांबूस रंगाचा पातळ कोंडा असतो आणि एका टोकाला चिमुकला अंकुर असतो. उरलेला पांढरा भाग हा मुख्यतः पिष्टाचा साठा होय.

ब-१ जीवनसत्त्व (थायमिन) मुख्यतः कोंडा आणि अंकुर यांत असते. तांदूळ जितका अधिक सडावा तितका तो पांढरा दिसतो आणि तितकेच हे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते. गिरणीत चांगला सडलेल्या १०० ग्रॅम साध्या तांदळात ते सुमारे ०.०६ मिलिग्रॅम उरते, तर हातसडीच्या तांदळात सुमारे ०.२१ मिलिग्रॅम. आता गंमत पाहा. उकडा तांदूळ गिरणीत सडला तरी त्यातही सुमारे ०.२१ मिलिग्रॅम थायमिन असते. गिरण तीच, मग हा फरक कशामुळे?

साळ उकडल्यावर काय होते?

उकडा तांदूळ करताना साळ आधी पाण्यात भिजवतात. मग मोठ्या टोपात तूस तडकेपर्यंत उकडतात, पाणी निथळून खळ्यात उन्हात पसरतात आणि पूर्ण वाळल्यावर गिरणीत नेतात. वाळवण नीट झाले नाही तर बुरशी येते, म्हणून त्या दिवसांत घरातली माणसे आभाळाकडे लक्ष ठेवून असतात.

या खटाटोपात दाण्यात दोन बदल होतात. पहिला असा : थायमिन पाण्यात विरघळते. भिजताना पाणी आत शिरते, कोंड्यातले थायमिन त्यात विरघळते आणि त्याचा काही भाग पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्याकडे सरकतो. नंतर कोंडा सडून टाकला तरी आत गेलेला भाग राहतो.

दुसरा बदल पिष्टाचा. पिष्टाचे सूक्ष्म कण साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. साळ उकडताना ही क्रिया तुसाच्या आतच घडते. दाण्यातल्या बारीक भेगा सांधल्या जातात. वाळताना पिष्टाचे रेणू पुन्हा घट्ट जमतात आणि दाणा काचेसारखा टणक होतो. म्हणून उकड्या तांदळाची गिरणीत कणी कमी होते, तो शिजायला वेळ अधिक घेतो आणि बराच वेळ शिजवला तरी त्याचा लगदा होत नाही. पेजेत दाणा दाण्यासारखा राहतो, तो यामुळेच.

बेरीबेरीचा धडा

हा फरक केवळ चवीचा नव्हता, कित्येकांच्या प्राणाशी त्याची गाठ होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, तसा पूर्व आशियात पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त झाला. त्याबरोबर बेरीबेरीही वाढली. या रोगात पाय बधिर होतात, अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय थकते. तुरुंग, बराकी आणि खाणी यांत माणसे मरू लागली.

जावा बेटावर काम करणारे डच वैद्य ख्रिस्तियान आइकमान यांना १८८९ च्या सुमारास असे दिसले की, इस्पितळातील पांढऱ्या तांदळाचा शिळा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात. नव्या आचाऱ्याने तो भात कोंबड्यांना देण्याचे नाकारले. त्यांना साधा, न सडलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! पांढऱ्या तांदळात काही विष असावे, असे आइकमान यांना प्रथम वाटले. त्यांचे सहकारी गेरित ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये खरा अर्थ लावला. तांदळात विष नव्हते, कोंड्याबरोबर काहीतरी आवश्यक द्रव्य निघून जात होते.

उकड्या तांदळाची कसोटी मलायात लागली. हेन्री फ्रेझर आणि थॉमस स्टँटन या डॉक्टरांनी १९०७ ते १९०९ या काळात रस्त्याच्या कामावरील सुमारे ३०० जावानी मजुरांचे दोन गट पाडले. एका गटाला पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला उकडा. बेरीबेरी पांढरा तांदूळ खाणाऱ्यांतच दिसली. मग गटांचे तांदूळ बदलले, तेव्हा रोगानेही गट बदलला.

कॅसिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ हे नाव सुचवले. १९२६ मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी जावातच तांदळाच्या कोंड्यातून थायमिनचे स्फटिक वेगळे केले. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. साळ उकडण्याची रीत मात्र या सर्वांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे चालत आली होती. ती पाडणाऱ्यांना जीवनसत्त्व ठाऊक नव्हते. तांदूळ कमी तुटतो आणि चांगला टिकतो, हे मात्र त्यांनी नक्की पाहिले होते.

टोपातले पाणी

आता दुसरा प्रश्न. जे जीवनसत्त्व साळीत पाण्याबरोबर आत गेले, ते तांदूळ शिजताना पाण्याबरोबर बाहेरही येऊ शकते. तांदूळ पुष्कळदा चोळून धुतला आणि शिजल्यावर पाणी ओतून दिले, तर थायमिनचा बराच भाग मोरीत जातो. पेजेत पाणी आणि दाणे दोन्ही पोटात जातात. म्हणून पाणी न टाकणे हाच पेजेचा मोठा गुण आहे. उष्णतेने थोडे थायमिन नष्ट होते, ते टाळता येत नाही. परंतु तांदूळ लवकर शिजावा म्हणून सोडा घालणे टाळता येते. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होते आणि अशा पाण्यात थायमिन फार लवकर नाश पावते.

पेज कशी करावी?

एका माणसासाठी ५० ग्रॅम उकडा तांदूळ घ्यावा. वालय किंवा मुणगा यांसारखा तांबूस गावठी तांदूळ मिळाला तर उत्तमच. तो एक-दोनदा हलक्या हाताने धुवावा. सुमारे अर्धा लिटर पाणी उकळून त्यात तांदूळ टाकावा आणि मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावा. पाणी आटले तर गरम पाणीच घालावे. तांदूळ रात्री भिजवून त्याच पाण्यात शिजवला तर वेळ आणि जळण दोन्ही वाचतात. शेवटी मीठ घालावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे.

पेजेत कमी काय आहे?

शास्त्रीय दृष्टीने पाहताना आवडत्या पदार्थाचे उणेपणही मोजले पाहिजे. पेजेत बहुतेक पाणीच असते. वाडगा भरलेला दिसला, पोटही भरल्यासारखे वाटले, तरी ५० ग्रॅम तांदळातून ऊर्जा मिळते सुमारे १७० किलोकॅलरी आणि प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम. वाढत्या मुलाला शाळेची सकाळ काढायला हे पुरेसे नाही. चहा-बिस्किटांवर शाळेत जाणाऱ्याची स्थिती याहून बरी नसते, हेही खरे.

यावरचा उपाय पेजेच्या शेजारी वाढलेलाच असतो. कुळथात १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कुळथात भरपूर असते. कुळथात जी गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी, ती तांदूळ पुरवतो. पेजेबरोबर २० ग्रॅम कुळथाच्या पिठाची पिठी आणि २० ग्रॅम ओले खोबरे घेतले, तर ऊर्जा ३२० किलोकॅलरींच्या आसपास आणि प्रथिने ८ ग्रॅमच्या वर जातात. सुक्या मासळीनेही प्रथिने मिळतात, पण ती खारवलेली असेल तर पेजेत मीठ घालू नये.

ओटशी तुलना करायची तर ओटमध्ये प्रथिने तांदळाच्या जवळजवळ दुप्पट असतात, आणि त्यातला बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू पेजेत मिळत नाही. उलट कोकणातल्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते ओटमध्ये त्या मानाने फारच थोडे असते. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची आंबील करावी. कोणतेही एक धान्य सर्वगुणसंपन्न नसते.

करून पाहा

१. उकडा आणि साधा (सुरय) तांदूळ प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. दोन भांड्यांत २०० मिलिलिटर पाण्यात १५ मिनिटे उकळा. पाणी गाळून पूर्ण थंड करा. प्रत्येकाचा एक चमचा दहा चमचे पाण्यात मिसळा आणि टिंक्चर आयोडीनचा एक-एक थेंब टाका. कोणते पाणी अधिक गडद निळे होते? दाण्यातून पिष्ट बाहेर येण्याशी याचा काय संबंध आहे? (आयोडीन टाकलेले पाणी पिऊ नये.)

२. सारख्या आकाराच्या दोन वाडग्यांत सारखेच कढत पाणी आणि पेज घ्या. दर पाच मिनिटांनी मध्यभागचे तापमान नोंदवून आलेख काढा. पेज हळू निवते असे आढळल्यास, दाट द्रवात अभिसरणाचे प्रवाह कसे वाहत असतील याचा विचार करा.

३. आपल्या घरी तांदूळ किती वेळा धुतात आणि भाताचे पाणी कोठे जाते, याची आठवडाभर नोंद ठेवा. वर्गातील सर्वांच्या नोंदी एकत्र करून शिक्षकांच्या मदतीने तक्ता तयार करा.