पिशवी काढायची चिठ्ठी लिहिण्याआधी

चि. बाळा,


बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून तुझी नेमणूक झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं. बॉण्डचं वर्ष एकदाचं संपू दे, असं तू म्हणालास तेही कळलं. या भागात मी तीस वर्षं नर्सबाई म्हणून हिंडले, म्हणून लिहिते आहे.

दसरा झाला की तुझ्या हद्दीतली कितीतरी घरं कुलूपबंद होतील. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. बाई पहाटे तीनला उठून चूल पेटवते, अंधारातच फडात पोचते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते आणि रात्री कोपीवर येऊन पुन्हा भाकरी थापते. हिशेबात मात्र ती अर्धा कोयता. पैसे नवऱ्याच्या हातात. एक दिवस पडून राहिली तर खाड्याचा दंड धरतात, तो उचलीतून फिटत नाही, उलट अंगावर चढतो. फडात संडास नाही, पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला स्वच्छ पाणी नाही. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, आणि एक दिवस ती तुझ्यासमोर बसून म्हणते, "डॉक्टर, पिशवीच काढून टाका."

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली या ऑपरेशनांच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली तेव्हा जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी मागच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. पेपरात हा आकडा वाचला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्यांतली एक माझ्या हातून गेली होती.

अठ्ठावीस वर्षांची होती. तीन लेकरं. पांढरं जातं म्हणून उपकेंद्रावर आली. त्या दिवशी लसीकरण होतं, दारात रांग होती. मी तिला आत नेलं नाही, तपासलं नाही, तालुक्याच्या एका दवाखान्याचं नाव सांगून मोकळी झाले. तिथं तिला सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमाने दिले आणि उचलीत मांडले. दीड महिना ओझं उचलू नको म्हणून सांगितलेली बाई तीन आठवड्यांत फडावर गेली. पाच-सहा वर्षांनी भेटली तेव्हा ओळखली नाही मी. अंगाची आग होते, हाडं दुखतात, मोळी पेलत नाही म्हणाली. पिशवीबरोबर बीजांडंही काढली होती, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा आजार आपल्या केंद्रातल्या हिरव्या किटच्या गोळ्यांनी कदाचित बरा झाला असता. ते किट त्या दिवशी माझ्या मागच्या कपाटात होतं.

म्हणून सांगते, चिठ्ठी लिहिण्याआधी तिला एकटीला भेट. नवरा किंवा सासू सोबत येईल आणि तिच्या वतीने बोलेल. त्यांना गोड बोलून बाहेर बसव. पाळीत काय वापरतेस, लघवी दिवसभर दाबून धरतेस का, दुखत असताना घरी जवळ येतात का, हे विचार. तू पुरुष आहेस, ती लाजेल, तेव्हा सिस्टरला जवळ बसव. तिशीपुढच्या बाईची व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी, तिथंच करून घे. कॅन्सरची भीती नुसत्या बोलण्याने जात नाही, तपासल्यावर जाते. अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावलं आहे. त्या वाचून ठेव. कधी पिशवी खरंच काढावी लागते, तेव्हा अडवूही नकोस.

एक मात्र समजून घे, ती बाई अडाणीपणाने हे मागत नाही. पाळी गेली तर खाडा जाईल, एवढा साधा हिशेब तिने केलेला असतो. आपल्या जिल्ह्यात विशी-पंचविशीतल्या दहापैकी चार जणींहून जास्तींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. कारण पोरगी मागे एकटी कशी ठेवायची, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. विशीत दोन-तीन बाळंतपणं, मग नसबंदी, तीही तिचीच. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं हे ऑपरेशन झालं आहे, पुरुषांचं शंभरात एकाचंही नाही. बिनटाक्याची नसबंदी किती सोपी आहे, हे तू पुरुषांना पारावर बसून सांग. माझ्या तोंडून ते ऐकायला तयार नसत, तुझं ऐकतील.

आणि टोळ्या निघायच्या आत गावोगाव शिबिर लाव. हिमोग्लोबिन बघ, लोहाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या बांधून दे, कारण तिकडे कारखान्यावर त्यांना कुणी आपलं म्हणत नाही.

तुझ्या ओपीडीत तपासायच्या टेबलापुढे पडदा आहे का, ते कळव. नसेल तर माझ्या दोन जुन्या साड्या जाड आहेत, शिवून पाठवते.

तुझी,
आत्या